काजळी धरलेली ज्योत

रात्रीची वेळ आहे. एक तरुण बाई टेबलापाशी बसली आहे आणि आपल्याला तिची एकच बाजू दिसते. सरळ, काळे केस पाठीवर मोकळे सोडलेले. पांढरी सैल कमीज खांद्यावरून ओघळलेली, लाल घागरा गुडघ्यापर्यंत आलेला, पाय अनवाणी, कमरेला दोरखंड. एक हात हनुवटीला, दुसरा मांडीवर ठेवलेल्या मानवी कवटीवर. टेबलावर दोन जाड पुस्तकं, लाकडी क्रूस, दोरीचा आसूड आणि काचेच्या पेल्यातला तेलाचा दिवा. ज्योत उंच, सरळ उभी, तिच्या शेंड्यातून धुराची बारीक रेघ वर जाते आहे. बाई त्या ज्योतीकडे बघते आहे. चित्रात आणखी काही नाही. मागची भिंत अंधारात बुडालेली, खिडकी नाही, देवदूत नाही, आकाश नाही.

लॉरेनच्या जॉर्ज द ला तूर या चित्रकाराने 1640 च्या आसपास रंगवलेली ही मग्दालिया मरिया. जेमतेम 117 सेंटिमीटर उंच आणि 92 सेंटिमीटर रुंद असा हा कॅनव्हास 1977 पासून लॉस एंजेलिसच्या काउंटी कलासंग्रहालयात आहे. याच रचनेचं, किंचित मोठं दुसरं चित्र पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहे. ‘पश्चात्ताप करणारी मग्दालिया’ हा विषय सतराव्या शतकात युरोपभर इतक्या जणांनी हाताळला, की एखाद्या मोठ्या संग्रहालयात त्यातली दोन-चार चित्रं सहज सापडावीत. बहुतेक चित्रांत ती रडते. डोळे वर, ओठ विलग, गालावर ओघळ, कधी छाती पिटणारा हात. ला तूरची मग्दालिया रडत नाही. ती बघते आणि विचार करते, आणि माझ्या मते या विषयावर झालेलं सगळ्यात खोल काम हेच आहे.

आधी ही बाई कोण, ते पाहू. बायबलमधली मग्दालिया मरिया गालील सरोवराकाठच्या मग्दाला गावची. लूकच्या शुभवर्तमानात तिचा उल्लेख थोडकाच येतो: तिच्यातून सात भुतं निघाली होती आणि येशू व शिष्यांच्या निर्वाहासाठी पदरमोड करणाऱ्या स्त्रियांपैकी ती एक होती. पुढे ती क्रूसापाशी उभी असते, कबरीपाशी जाते आणि पुनरुत्थित ख्रिस्त पहिल्यांदा दिसतो तो तिला. तिने देहविक्रय केला किंवा काही पाप केलं असं कुठेही लिहिलेलं नाही. मात्र तिचं नाव येण्याच्या अगदी आधीच्या अध्यायात एका निनावी ‘पापी’ स्त्रीची गोष्ट आहे. ती आसवांनी येशूचे पाय भिजवते, केसांनी पुसते आणि त्यांना सुगंधी तेल लावते. बेथानीची मरिया ही आणखी तिसरी स्त्री, तीही येशूच्या पायांना सुगंधी तेल लावते. पोप पहिला ग्रेगरी याने 591 मध्ये एका प्रवचनात या तिघींना एकच ठरवलं. पुढची चौदा शतकं पश्चिम युरोपाने तीच एक बाई डोळ्यांसमोर ठेवली: सुंदर, श्रीमंत, बहकलेली आणि मग आसवांनी धुऊन निघालेली.

तिच्याभोवती लोककथाही वाढत गेली. ती होडीतून दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्याला लागली, प्रोव्हान्समधल्या सेंत-बोम नावाच्या गुहेत तीस वर्षं तप करत राहिली, अंगावरचे कपडे झिजून गेले तेव्हा केसांनीच तिचं अंग झाकलं. 1279 मध्ये प्रोव्हान्सातल्याच सें-माक्सिमें इथे तिच्या अस्थी सापडल्याचं जाहीर झालं आणि तिथे यात्रा भरू लागली. फ्रेंच भाविकाला ती दूरच्या पॅलेस्टाइनची बाई कधी वाटलीच नाही, ती त्याच्याच मुलखातली संतीण होती.

सतराव्या शतकात ती एवढी भिंतींवर चढली त्यामागे मोठा वाद आहे. मार्टिन ल्यूथर आणि त्याच्यामागून आलेल्या सुधारकांचं म्हणणं असं, की पापाची क्षमा देवाच्या कृपेने आणि श्रद्धेने मिळते. धर्मगुरूपुढे गुडघे टेकून एकेक पाप सांगायचं आणि त्याने नेमून दिलेलं प्रायश्चित्त करायचं, याला ते संस्कार मानायला तयार नव्हते. रोमन चर्चने ट्रेंटच्या धर्मसभेत याला उत्तर दिलं. 1551 च्या ठरावात या संस्काराची तीन अंगं स्पष्ट मांडली: मनापासूनचा अनुताप, धर्मगुरूपुढे कबुली (गोव्याकडे ज्याला कुमसार म्हणतात ते) आणि प्रायश्चित्त. 1563 मध्ये त्याच सभेने चित्रं आणि मूर्ती राखायच्या, त्यांतून लोकांना शिकवायचं, पण त्यांत कामुकपणा नको, असं बजावलं. मग ज्यांनी चुका केल्या आणि ज्यांना क्षमा मिळाली असे संत पुढे आले. कोंबडा आरवण्याआधी येशूला तीनदा नाकारणारा पीटर, रानात दगडाने छाती ठेचणारा जेरोम आणि मग्दालिया. एखादा सिद्धान्त प्रवचनातून समजावण्यापेक्षा अशा एका माणसाचा चेहरा दाखवणं सोपं, हे चर्चने नेमकं ओळखलं होतं.

चित्रकारांपुढे मात्र पेच होता. 1530 च्या दशकात टिशियनने रंगवलेली मग्दालिया फ्लोरेन्सच्या पित्ती राजवाड्यात आहे. ती उघडी आहे, तांबूस सोनेरी केसांनी अंग झाकण्याचा प्रयत्न करते आणि ते केस झाकण्यापेक्षा दाखवण्याचंच काम जास्त करतात. डोळे आभाळाकडे, डोळ्यांत पाणी. चित्र अप्रतिम आहे, पण पाहणाऱ्याचं लक्ष पश्चात्तापावर राहत नाही. बोलोन्याच्या ग्विदो रेनीने पुढे आभाळाकडे बघणाऱ्या मग्दालिया कितीतरी रंगवल्या आणि त्या गोड नजरेचा एक साचाच पडला. स्पेनच्या पेद्रो दे मेनाने 1664 मध्ये याच्या अगदी उलट टोकाला जाऊन तिला लाकडात कोरलं. पूर्ण उंचीची, रंगवलेली मूर्ती, अंगावर खजुरीच्या पात्यांची खरखरीत चटई, हातात क्रूस, चेहरा कृश. ती मूर्ती वायादोलिदच्या शिल्पसंग्रहालयात आहे. तिच्यासमोर उभं राहणाऱ्याला सौंदर्याचा मोह पडायचा प्रश्नच येत नाही.

कारावाज्जोने 1595 च्या सुमाराला काढलेली मग्दालिया ला तूरला सगळ्यात जवळची. रोमच्या दोरिया पांफिली संग्रहातलं हे चित्र. बुटक्या खुर्चीवर एक मुलगी मान खाली घालून बसली आहे, रोजच्या वापरातले चांगले कपडे अंगावर, हात मांडीवर. फरशीवर तुटलेली मोत्यांची माळ, दागिने आणि तेलाची कुपी. नाकाच्या कडेला आसवाचा एक थेंब अडकला आहे, नीट पाहिल्याशिवाय दिसतही नाही. चरित्रकार बेल्लोरीने 1672 मध्ये तक्रार केली, की कारावाज्जोने केस वाळवत बसलेली एक पोर रंगवली, बाजूला कुपी आणि दागिने मांडले आणि तिलाच मग्दालिया म्हणून खपवलं. बेल्लोरीला हा दोष वाटला. मला त्यातच त्या चित्राची ताकद दिसते. संतपण दाखवणाऱ्या खुणा काढून घेतल्या तरी मुलीच्या वाकलेल्या मानेतून सगळं कळतं.

ला तूर इटलीला गेला की नाही यावर अभ्यासकांची मतं जुळत नाहीत. कारावाज्जोची काळोख-उजेडाची रीत त्याच्यापर्यंत पोचली होती एवढं खरं, कदाचित उत्रेख्तच्या डच चित्रकारांमार्फत. पण दोघांत एक मोठा फरक आहे. कारावाज्जोच्या चित्रांत उजेड बहुधा चौकटीबाहेरून, कुठूनतरी वरून येतो. तो कुठला ते दिसत नाही. ला तूरच्या रात्रीच्या चित्रांत उजेड चित्रातच असतो. मेणबत्ती, पणती, कंदील, कधी कुणी हाताआड धरलेली ज्योत. उजेडाचा उगम डोळ्यांसमोर ठेवला, की चित्रकाराला सगळी मांडणी त्या एका ठिपक्याच्या हिशेबाने करावी लागते.

हा हिशेब कडक असतो. ज्योतीपासून अंतर दुप्पट झालं की उजेड चौथ्या हिश्शावर येतो, म्हणून कपाळ आणि बाहीची कड लखलखते, आणि हातभर पलीकडे पाठ काळोखात विरते. दिव्याच्या उजेडात निळा भाग फारच कमी असतो, म्हणून निळ्या-हिरव्या गोष्टी काळपट दिसतात आणि लाल, पिवळा, तपकिरी हे रंग जिवंत होतात. ला तूरच्या रात्रींमध्ये लाल रंग एवढा का, याचं निम्मं उत्तर इथेच आहे. शिवाय रंग स्वतः उजेड देत नाही. कॅनव्हासवरचा सगळ्यात उजळ रंग म्हणजे शिशापासून केलेला पांढरा, आणि तो ज्योतीसाठी राखून ठेवायचा तर बाई, कमीज, कवटी हे सगळं त्याच्या खालच्या पट्टीत बसवावं लागतं. ला तूरने तसंच केलं. तिची त्वचा मधासारख्या मध्यम छटेत ठेवली, सुरकुत्या, शिरा, कापडाचा पोत यांना फाटा दिला आणि गुडघा, पोटरी, खांदा हे जवळजवळ सुतारकामातल्यासारखे साधे, गोल आकार केले. तपशील कमी करण्याचं हे धाडस त्याच्या काळात दुर्मीळ होतं.

आता ती ज्योत. तेलाच्या ज्योतीचा पिवळा उजेड येतो तो काजळीच्या सूक्ष्म कणांमधून. तेल तापून फुटतं, त्यातून कार्बनचे कण सुटतात, ते तापून चमकतात आणि ज्योतीच्या कडेला हवा मिळाली की बहुतेक जळून जातात. वात जास्त वर सारली तर तेल जास्त चढतं, हवा पुरत नाही, आणि न जळलेले कण शेंड्यातून निसटतात, थंड होतात, काळे दिसतात. जे कण आत उजेड देतात तेच बाहेर काळा धूर होऊन जातात. एकोणिसाव्या शतकात हम्फ्री डेव्हीने हे उलगडलं. ला तूरला रसायन माहीत असण्याचं कारण नाही, पण त्याने नजरेने ते टिपलं होतं. आपल्याकडे समईच्या वातीवर घरातल्या कुणाचं तरी लक्ष असतं, काजळी धरली की वात मागे सारली जाते. या बाईने तसं केलेलं नाही. ती किती वेळ अशीच बसली आहे हे धुराच्या त्या रेघेवरून कळतं. बायबलच्या स्तोत्रांत आयुष्याला धुराची उपमा आहे आणि सतराव्या शतकातल्या भाविकाला ती ऐकून माहीत होती. तरीही मला त्या उपमेपेक्षा हा वेळेचा साधा पुरावा जास्त भिडतो.

टेबलावरच्या वस्तूंची निवडही पाहण्यासारखी आहे. मग्दालियाची ठरलेली ओळख म्हणजे सुगंधी तेलाची कुपी. तीच इथे नाही. तेल आहे ते दिव्यात. कवटी मृत्यूची आठवण म्हणून अशा चित्रांत नेहमी असते, पण ती बहुधा टेबलावर किंवा जमिनीवर पडलेली असते. इथे ती मांडीवर आहे, आणि बाईचा हात तिच्यावर असा विसावला आहे की त्यात भीतीही नाही, किळसही नाही.

ला तूरला हा विषय सोडवेना. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत त्याची आणखी एक मग्दालिया आहे. त्यात कवटी पुस्तकावर ठेवलेली, तिच्याआड ज्योत लपलेली, आणि बाईची बोटं कवटीला स्पर्श करताहेत. समोरच्या आरशात तिचा चेहरा दिसत नाही, कवटीच दिसते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या चित्रात नक्षीदार चौकटीच्या आरशापुढे मेणबत्ती जळते आहे आणि आरशात दुसरी ज्योत उमटली आहे. मोती टेबलावर, आणखी दागिने खाली जमिनीवर, हात कवटीवर गुंफलेले, चेहरा आपल्यापासून जवळजवळ पूर्ण वळलेला. या चित्रांचा नेमका क्रम ठरवता येत नाही, कारण त्यांवर तारखा नाहीत. पण न्यूयॉर्कच्या चित्रातली श्रीमंती आणि धुराच्या ज्योतीच्या चित्रातला आसूड शेजारी ठेवून पाहिले, की सोडून देण्याच्या दोन पायऱ्या दिसतात. एकीत दागिने नुकतेच उतरवले आहेत. दुसरीत त्यांचा मागमूसही नाही.

हे रंगवणारा माणूस कसा होता? कागदपत्रांतून जे दिसतं ते चित्रांशी अजिबात जुळत नाही. 1593 मध्ये व्हिक-सुर-सेय इथे एका बेकरीवाल्याच्या घरी जन्म. 1617 मध्ये दियान ल नेर या वरच्या घराण्यातल्या मुलीशी लग्न, मग बायकोच्या गावी, ल्युनेव्हिलला मुक्काम. दहा मुलं झाली, त्यांतली थोडीच जगली. पैसा भरपूर मिळवला आणि कर मात्र देईना. 1646 मध्ये गावकऱ्यांनी ड्यूककडे अर्ज केला, की हा चित्रकार जणू गावाचा मालक असल्यासारखा शिकारी कुत्र्यांचे कळप पाळतो, ते उभ्या पिकांतून सशांमागे धावतात आणि नासाडी करतात. भुकेच्या दिवसांत केलेला हा अर्ज वाचला की त्याच्याबद्दल फारशी सहानुभूती वाटत नाही.

भुकेचे दिवस म्हणजे तीस वर्षांचं युद्ध. लॉरेन हे फ्रान्स आणि जर्मन साम्राज्याच्या मधलं स्वतंत्र संस्थान. 1630 च्या दशकात फ्रेंच, स्वीडिश आणि साम्राज्याची सैन्यं त्यावरून आलटून पालटून गेली. मागोमाग प्लेग आणि दुष्काळ. निम्म्याहून अधिक लोकसंख्या नाहीशी झाली. नॅन्सीच्या जाक कालोने 1633 मध्ये छापलेल्या ‘युद्धाच्या व्यथा’ या चित्रमालिकेत झाडाला फळांसारखी लटकलेली प्रेतं आहेत. 1638 मध्ये ल्युनेव्हिल जाळलं गेलं आणि त्यात ला तूरची आधीची कितीतरी चित्रं नष्ट झाली असावीत. त्याच काळात नॅन्सीत एलिझाबेथ द रांफँ यांनी रस्त्यावर आलेल्या स्त्रियांसाठी आश्रयगृह काढलं आणि त्यातून पुढे एक धर्मसंघ उभा राहिला. मग्दालियाचं चित्र विकत घेणारी माणसं अशी आजूबाजूला मृत्यू आणि पडझड बघत होती. कवटी त्यांच्यासाठी केवळ प्रतीक नव्हती.

या काळात ला तूर पॅरिसला पोचला. 1639 मध्ये त्याला राजाचा चित्रकार हा किताब मिळालेला दिसतो. तेराव्या लुईला त्याचं रात्रीचं सेंट सेबास्टियन एवढं आवडलं, की शयनगृहातली बाकी सगळी चित्रं काढायला लावून तेवढंच ठेवलं, अशी हकीकत अठराव्या शतकात दों कालमे या धर्मगुरूने नोंदवली आहे. जानेवारी 1652 मध्ये साथीच्या दिवसांत आधी दियान आणि दोन आठवड्यांनी जॉर्ज, दोघंही गेली.

पुढे तो जवळजवळ अडीचशे वर्षं पुसला गेला. त्याची चित्रं होती, पण ती कधी ल नें बंधूंच्या, कधी स्पॅनिश किंवा डच चित्रकारांच्या नावावर. 1915 मध्ये हेर्मान फोस या जर्मन अभ्यासकाने नांत आणि रेन या फ्रेंच शहरांतली तीन चित्रं एकाच हातची असल्याचं दाखवलं आणि तो हात ल्युनेव्हिलच्या विसरलेल्या चित्रकाराचा, हे सांगितलं. पहिलं महायुद्ध चालू असताना एका जर्मनाने फ्रान्सला त्याचा एक महान चित्रकार परत मिळवून दिला. 1934 मध्ये पॅरिसच्या ओरांजरीत सतराव्या शतकातल्या वास्तववादी फ्रेंच चित्रकारांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा लोकांनी त्याची चित्रं पहिल्यांदा एकत्र पाहिली. आज चाळीसच्या आसपास चित्रं त्याची मानली जातात.

ला तूर लॉरेनमध्ये काम करत होता त्याच शतकात आपल्या किनाऱ्यावरही मग्दालिया घडत होती. गोव्यातल्या हस्तिदंती कोरीवकामात ‘उत्तम मेंढपाळ’ हा प्रकार प्रसिद्ध आहे. डोंगरावर बालयेशू मेंढपाळाच्या वेषात गालाला हात लावून डोळे मिटून बसलेला, खाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारे खडक, झरा, पाणी पिणारी मेंढरं आणि पक्षी. आणि अगदी तळाशी, छोट्याशा गुहेत, आडवी पहुडलेली मग्दालिया, डोकं हातावर टेकलेलं, बहुधा पुढ्यात पुस्तक. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात असे नमुने आहेत. त्यांतल्या काहींची उंची वीतभर, त्यामुळे मग्दालिया फार तर बोटाएवढी. हस्तिदंत मुख्यतः पूर्व आफ्रिकेतून, कल्पना युरोपातून, हात स्थानिक. हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती प्रतिमा घडवून घेऊ नयेत अशा आज्ञा चर्चकडून निघत, तरी काम थांबलं नाही. या मूर्तीतली मग्दालियाही रडत नाही. सगळ्या पसाऱ्यात ती सर्वांत खाली आहे, आणि तिच्या डोक्यावर अख्खा डोंगर उभा आहे.

1969 मध्ये रोमन चर्चने आपलं सणांचं पंचांग सुधारलं तेव्हा मग्दालियाला त्या निनावी पापी स्त्रीपासून आणि बेथानीच्या मरियेपासून वेगळं केलं. 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिच्या 22 जुलैच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीचा दर्जा दिला. पुनरुत्थानाची बातमी प्रेषितांना देणारी म्हणून तिला मध्ययुगातही प्रेषितांची प्रेषित म्हणत, तो मान औपचारिकपणे परत आला. यामुळे टिशियनची, रेनीची मग्दालिया अडचणीत येते, कारण तिच्यातून पाप काढलं की उघड्या खांद्यांचं आणि पाणावलेल्या डोळ्यांचं कारणच उरत नाही. ला तूरच्या चित्राला मात्र धक्का बसत नाही. 1645 मध्ये त्याने रंगवलेला पीटर, जो आता क्लीव्हलँडच्या संग्रहालयात आहे, पायाशी कंदील आणि शेजारी कोंबडा घेऊन रडतो; त्याचा अपराध कोंबड्यावरून लगेच कळतो. मग्दालियाच्या टेबलावर मात्र तिचा अपराध सांगणारी एकही वस्तू नाही. आसूड आहे, तोही नुसता ठेवलेला. आपण पाटीवर ‘पश्चात्ताप’ हा शब्द वाचतो म्हणून तो चित्रात शोधतो. योहानाच्या शुभवर्तमानात मग्दालिया कबरीकडे निघते ती उजाडण्याआधी, अंधार असतानाच. रात्रभर जागी राहिलेली, मृत्यूला हात लावून बसलेली आणि नजर उजेडावर ठेवलेली ही बाई त्या पहाटेच्या आदल्या रात्रीचीही असू शकते, आणि चित्रातली एकही गोष्ट याच्या आड येत नाही.